शिधा, पान आणि ताट

भारतेंदु हरिश्चंद्रांच्या ‘प्रेमजोगिनी’ या हिंदी नाटकाचा मराठी अनुवाद करायला बसले आणि चौथ्या दृश्यापाशी काम थांबले. अडचण अशी, की तिथे अनुवाद करण्यासारखे फारसे नव्हतेच. हिंदी नाटकातले ते दृश्य बरेचसे मराठीतच लिहिलेले आहे. स्थळ आहे काशीतल्या एका दक्षिणी ब्राह्मणाची बैठक. यजमानाचे नाव बुभुक्षित दीक्षित, म्हणजे भुकेला दीक्षित. भोवती गप्प पंडित, रामभट्ट, चंबूभट्ट अशी मंडळी विडे खात, भांगेची तजवीज करत बसली आहेत. तेवढ्यात महाश नावाचा माणूस चौकातून हाक मारतो. घरोघर जेवणाची आमंत्रणे पोचवणे हे त्याचे काम. हातातला विडा खाली ठेवून दीक्षित पहिली चौकशी करतात ती आज आपल्याकडचे किती ब्राह्मण जेवायला सांगितले आहेत याची.

हे नाटक १८७० च्या दशकातले आणि अपुरेच राहिलेले. भारतेंदु चौखंब्याचे रहिवासी. त्यांच्या घरापासून रामघाट गल्लीबोळांतून काही मिनिटांच्या अंतरावर. रामघाटापासून उत्तरेकडे ब्रह्माघाटापर्यंतच्या गल्ल्यांत तेव्हा मराठी घरांची दाटी होती. म्हणजे त्यांनी हे मराठी पुस्तकातून उचलले नव्हते, ते त्यांच्या कानावर रोज पडत होते. दृश्य वाचताना मला हसू आले आणि लगेच थोडे ओशाळल्यासारखेही झाले. आपल्या घरातले बोलणे शेजाऱ्याने ऐकून लिहून ठेवावे, आणि ते सगळे जेवणाचेच असावे!

पण मग दुसरा विचार आला. हे बोलणे जेवणाचे का असावे? पुण्यापासून तेराशे-चौदाशे किलोमीटरवर, परक्या मुलखात, मराठी माणूस जेवत कसा होता? कुणाच्या हातचे? कुणाच्या पंगतीला? या प्रश्नाचा माग काढताना मला मराठीतले तीन साधे शब्द उपयोगी पडले: शिधा, पान आणि ताट. तिन्ही जेवणाचेच शब्द, पण प्रत्येकाच्या मागे प्रवासाचा वेगळा काळ आहे.

आधी शिधा. रेल्वे येण्यापूर्वी काशीयात्रा म्हणजे महिनोन् महिन्यांचा प्रवास. पायी, बैलगाडीने, ऐपत असेल तर मेण्यातून. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ च्या फेब्रुवारीत पुण्याहून निघाल्या आणि परतल्या त्या दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात. त्यांच्या वाटेवर उदयपूर, जयपूरचे दरबार होते. सामान्य यात्रेकरूच्या वाटेवर धर्मशाळा, नदीकाठ आणि झाडांच्या सावल्या. १८५७ मध्ये पेणजवळच्या वरसईहून उत्तरेकडे निघालेले विष्णुभट गोडसे याच प्रकारचे प्रवासी. घरावर कर्ज होते, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल अशी आशा होती, म्हणून चुलत्याला घेऊन ते निघाले आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये छापला. अमृतलाल नागरांनी तो हिंदीत नेला आणि अलीकडे त्याचे एकाहून अधिक इंग्रजी अनुवादही झाले.

असा प्रवासी वाटेत कुणाकडे ‘जेवत’ नसे. तो शिधा घेई. तांदूळ, डाळ, पीठ, तूप, मीठ, सरपण असे सगळे कच्चे सामान. मग आंघोळ करून, सोवळे नेसून, तीन दगडांच्या चुलीवर स्वतः रांधायचे. देणाऱ्याचे पुण्य पदरात पडे आणि घेणाऱ्याचे सोवळे शाबूत राही. वाटेवरच्या सदावर्तात मिळे तेही हेच, कोरडे धान्य. शिधा या शब्दाला इंग्रजीत प्रतिशब्द शोधताना अनुवादक रेशन म्हणतात, किराणा म्हणतात. पण शिधा म्हणजे नुसते धान्य नव्हे. ‘तुझे अन्न मला हवे आहे, पण तुझा हात लागलेले नको’ एवढे सगळे त्या दोन अक्षरांत आहे. आदरातिथ्य आणि नकार एकाच सुपात.

उत्तरेत आल्यावर मराठी प्रवाशाला आणखी एक गोष्ट शिकावी लागे. तिकडे अन्नाचे दोन वर्ग आहेत, कच्चे आणि पक्के. पाण्यात शिजलेला भात, डाळ, तव्यावरची पोळी हे कच्चे. तुपात तळलेली पुरी, कचोरी, मिठाई हे पक्के. पक्क्या अन्नाला विटाळ कमी, म्हणून ते हलवायाच्या दुकानातून घेता येई आणि प्रवासात खाता येई. कच्चे मात्र आपल्याच जातीच्या किंवा वरच्या जातीच्या माणसाच्या हातचे हवे. बनारसच्या गल्लीत सकाळी कढईतून निघणारी कचोरी आणि जिलेबी चविष्ट असतेच, पण तिच्या लौकिकाला हेही एक कारण आहे, की ती अनेकांना एकाच दुकानातून घेता येत होती.

आता मराठी माणसाच्या भुकेचा विचार करा. चार दिवस पुरी-कचोरी खाल्ल्यावर त्याला काय हवेसे वाटणार? मऊ भात, त्यावर साधे वरण, तुपाची धार, लिंबाची फोड. म्हणजे नेमके ‘कच्चे’ अन्न. बाजारात न मिळणारे, ज्याला विश्वासाचा हात आणि ओळखीची चूल लागते असे. कचोरी दुकानात विकत मिळे. वरणभातासाठी माणसे लागत. रामघाट आणि त्याच्या आसपासची मराठी वस्ती ही त्या माणसांची गोष्ट आहे.

ही वस्ती काही एका दिवसात झाली नाही. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीला गेले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट तिथले अग्रगण्य पंडित झाले. त्याच घराण्यातल्या गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला. एकनाथांनी भागवतावरची आपली टीका १५७३ मध्ये काशीतच पुरी केली. पंडितांची घरे आधी आली आणि सत्ता मागाहून आली. अठराव्या शतकात मराठी पैसा गंगेच्या काठावर दगड बनून उभा राहिला. अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये विश्वनाथाचे देऊळ बांधले. रामघाटावरून काठाने दक्षिणेकडे निघाले, की मेहता घाट, गणेश घाट आणि पुढे नागपूरकरांचा भोसले घाट. उत्तरेकडे जटार घाट, ग्वाल्हेर घाट, मग पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट. ही नावे वाचत चालले, की मराठेशाहीचा हिशेबच वाचल्यासारखा वाटतो.

घाटांबरोबर अन्नछत्रे आली. सदावर्तात धान्य मिळते, अन्नछत्रात शिजलेले अन्न. हा फरक मोठा आहे. अन्नछत्र चालवायचे तर दात्याचा पैसा पुरत नाही. आचारी हवा, वाढपी हवे, आणि त्यांची जात सर्वांना मान्य हवी. शिध्यावरून आपण इथे पानावर येतो. मराठीत अजूनही माणसे पानांनी मोजतात. ‘आज घरी दहा पाने आहेत’ म्हणजे दहा जण जेवायला आहेत. पान मांडले, की त्या पानाचा माणूस आपला झाला. म्हणूनच पान कुणाला मांडायचे नाही हेही तितकेच ठरलेले असे.

याची एक नोंद एका परक्याने करून ठेवली आहे. बिशप हेबर १८२४ मध्ये बनारसला आला होता. दुसऱ्या बाजीरावाचे दत्तक भाऊ अमृतराव पेशवे इंग्रजांचे सालीना सात लाखांचे निवृत्तिवेतन घेऊन उत्तरेत राहत होते. गणेश घाट आणि तिथले गणेशाचे देऊळ त्यांचेच. हेबर लिहितो, की वर्षातल्या एका ठरावीक दिवशी अमृतराव येईल त्याला तांदूळ आणि एक रुपया देत. त्यांच्या बागेची निरनिराळी दारे त्या दिवशी उघडत. एका दारातून ब्राह्मण आत जात, दुसऱ्या दारातून बाकीचे गरीब. दान सर्वांना, पण दार वेगळे. काशीत अन्नपूर्णा आहे, इथे कुणी उपाशी झोपत नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या वाक्याशेजारी हे दुसरे दारही ठेवावे लागते. यात्रेत यजमानाबरोबर पालखीचे भोई होते, शागीर्द होते, मोलकरणी होत्या. त्यांच्यासाठी मांडलेल्या पानाचे वर्णन मला जुन्या यात्रावर्णनांत अजून कुठे सापडलेले नाही.

आता पुन्हा बुभुक्षित दीक्षितांकडे येऊ. तीर्थाच्या ठिकाणी एक उलटा व्यवहार चालतो. प्रवासी नुसता जेवत नाही, त्याने जेवू घालायचे असते. स्नान, श्राद्ध, दर्शन झाले तरी ब्राह्मणभोजनाशिवाय यात्रा पुरी होत नाही. त्यामुळे श्रीमंत यात्रेकरू गावात उतरला, की निमंत्रणे निघत. काशीच्या ब्राह्मणाचे पान प्रवाशाच्या खर्चाने मांडले जाई. भारतेंदुंचा विनोद यावर उभा आहे. पण त्यातली बोच वेगळी आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, एकेक करून दरबार आटले, अन्नछत्रांचे उत्पन्न कमी झाले. वेद पाठ करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसांना दुसरा धंदा येत नव्हता. महाशाची हाक आली तर जेवण, नाहीतर घरातले डबे चाचपणे. बुभुक्षित हे नाव नाटककाराने खादाड माणसाला दिले आहे असे मला आधी वाटले होते. दोनदा वाचल्यावर वाटले, ते खरेच भुकेल्या माणसाचे नाव आहे.

त्याच नाटकाचे तिसरे दृश्य मुगलसराय स्टेशनावर घडते. फलाटावर मिठाईवाले, हमाल, दलाल आणि एक परगावचा पंडित. ही निवड सहज झालेली नाही. १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेला लोहमार्ग जबलपूरला अलाहाबादकडच्या मार्गाला जोडला गेला. महिन्यांची वाट दिवसांवर आली. गंगेवरचा रेल्वेपूल १८८७ मध्ये झाला, तोवर मुगलसरायला उतरून नदी ओलांडायची. गाडीने येणाऱ्या प्रवाशाजवळ आचारी नव्हता, तीन दगड मांडायला सवड नव्हती आणि डब्यात शेजारी कोण बसले आहे हे त्याच्या हाती नव्हते. शिधा घेऊन रांधण्याची रीत कुणा सुधारकाच्या व्याख्यानाने मोडली नाही. रेल्वेच्या वेळापत्रकाने तिला पहिला धक्का दिला.

तरी ती सहजासहजी मोडली नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनच्या आवारात काही प्रतिष्ठित मंडळींना चहा-बिस्किटे दिली गेली. कुणी ती घेतली, कुणी नुसता कपाला हात लावला. बोलावणाऱ्या गोपाळराव जोशांनी मग नावे वर्तमानपत्रात दिली आणि ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. पाहुण्यांत रानडे होते, टिळकही होते. टिळकांनी आपण काशीस जाऊन प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. घराबाहेर घेतलेल्या एका कप चहाचा हिशेब शेवटी काशीत चुकता झाला! आज आपण ‘बाहेर जेवायला जाऊ’ हे वाक्य किती सहज बोलतो. त्या वाक्याचे वय फार नाही.

इथे मला आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या आजीची एक आत्या होती. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच विधवा झाली, केशवपन झाले, आणि भावांनी तिला काशीवासाला पाठवले. ती रामघाटाजवळच्या एका मराठी घरात स्वयंपाक करून राहिली. आमच्याकडची माणसे यात्रेला गेली, की त्या घरी उतरत, जेवत, आणि परत येऊन सांगत, की काशीत अगदी घरच्यासारखे जेवण मिळाले. वरण, भात, अळूची भाजी, सणाला पुरण. मिळाले ते खरेच घरचे होते, कारण रांधणारी घरचीच होती. पण पाहुण्यांत ती कधी पानावर बसली नाही. तिचे नाव आजीलाही ठाऊक नव्हते. सगळे तिला ‘काशीची आत्या’ म्हणत.

अशा बायका तिथे पुष्कळ होत्या. मराठीच नव्हे, बंगाली, दक्षिणी, सगळ्या मुलखांतल्या. सोवळ्यातली विधवा स्वयंपाकाला सर्वांत चालणारी, कारण तिला दुसरे काही उरलेले नसे. प्रवाशाला परमुलखात भरपेट, पारंपरिक, घरच्या चवीचे जेवण मिळते तेव्हा ते कुणाच्या घर सुटण्यावर उभे आहे, हा प्रश्न ताटावर बसलेल्याला सहसा पडत नाही. अन्नदात्यांची नावे शिलालेखांत सापडतात. रांधणाऱ्यांची नावे कुठेच कोरलेली नाहीत.

तिसरा शब्द ताट. पानाला किंमत नसते, ताटाला असते. मुंबईत गिरण्या वाढल्या तसे गावी बायकोमुले ठेवून आलेले कामगार खाणावळीत जेवू लागले. महिन्याचे पैसे द्यायचे, दोन वेळा ताट घ्यायचे. या खाणावळी पुष्कळदा बायकाच चालवत, घरातल्याच एका खोलीत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या खाणावळवाल्या बायकांची संघटना बांधली आणि तिला नाव दिले अन्नपूर्णा महिला मंडळ. काशीची देवता गिरणगावात आली ती अशी. तिथे रांधणारीचे नाव कर्जाच्या अर्जावर लिहिले गेले, तिची सही घेतली गेली. काशीच्या आत्याला जे मिळाले नाही ते साधेसेच होते. तिच्या हाताला मोल, आणि त्या मोलावर तिचे नाव.

ताटाने आणखी एक काम केले. पैसे देऊन घेतलेल्या ताटापुढे बसलेल्या माणसाची जात विचारायची नाही, ही गोष्ट हळूहळू आणि भांडून रुजली. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि हॉटेले यांच्याबरोबर सार्वजनिक उपाहारगृहांचा नाव घेऊन उल्लेख आहे. देशाच्या घटनेत खाणावळीचा उल्लेख करावा लागला, यातच पानाच्या इतिहासाची दुसरी बाजू आली. विकतच्या जेवणाला माया नसते असे आपल्याकडे म्हणतात. असेलही. पण मायेच्या पंगतीत ज्यांच्यासाठी पान नव्हते, त्यांच्यासाठी पैशाचे ताट हीच पहिली बसायची जागा होती.

गेल्या हिवाळ्यात मी रामघाटावर गेले. सकाळी सांगवेद विद्यालयाकडून विद्यार्थ्यांचे पठण ऐकू येत होते. आदल्या दिवशी निरोप दिला, तर काही मराठी घरांतून अजून यात्रेकरूंना जेवण मिळते. अशाच एका घरी आम्ही पाच जण होतो. नाशिकचे एक जोडपे, सोलापूरची दोन मुले आणि मी. कुणी कुणाचे आडनाव विचारले नाही. स्टीलच्या ताटात भात, वरण, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. ओला नारळ आणि कोकम इथे कुठून येणार? आमटीला आमचूर होता. घरच्या बाई मराठी बोलत, पण मुलाला हाक हिंदीत मारत. त्या दिवशी एकादशी असल्याने नाशिकच्या बाईंसाठी साबुदाण्याची खिचडी होती. ‘अगदी आपल्याकडची, पारंपरिक,’ असे त्या दोनदा म्हणाल्या.

मी मनात मोजत होते. बटाटा, मिरची, शेंगदाणे, आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद. चारही अमेरिका खंडातून आलेले. उपासाचे आपले सर्वांत पारंपरिक ताट गागाभट्टांनी पाहिलेही नसेल. हे आपलेच वैशिष्ट्य नाही. हंगेरीत जाणारा प्रवासी तिथले अस्सल जेवण म्हणून गुयाश मागवतो. त्या शब्दाचा मूळ अर्थ गुराखी. माळरानावर गुरे राखणाऱ्यांनी कढईत रटरटवलेले मांस-कांद्याचे कालवण हे त्याचे मूळ रूप. ज्या लाल पाप्रिकाशिवाय आज ते ओळखूही येणार नाही, ती मिरचीही अमेरिकेचीच. ती बाल्कन आणि तुर्की मुलखातून हंगेरीत पोचली. पुढे हंगेरियन भाषा आणि अस्मिता जर्मन वर्चस्वापुढे उभी राहिली, तेव्हा गुराख्यांचे हे कालवण राष्ट्राचे पक्वान्न झाले. बाहेरून आलेली वस्तू, गरिबांची कढई, आणि मग सर्वांचा अभिमान. पाहुणा ज्याला परंपरा म्हणून चाखतो, ते बहुधा आधीच्या प्रवाशांनीच आणून ठेवलेले असते.

म्हणून त्या बाईंना मी काही बोलले नाही. शिवाय त्यांचे म्हणणे एका अर्थाने बरोबरच होते. खिचडीतले जिन्नस परके असतील. ती करण्याची रीत, दाण्याचे कूट, वर दह्याची वाटी आणि ‘आणखी घ्या’ म्हणण्याचा सूर आपलाच होता. परंपरा जिन्नसांत नसेल, वाढण्यात असेल. पण मग वाढण्याचा सगळा इतिहास तिच्यात येतो, दोन दारांचाही.

निघताना मी बाईंना त्यांचे नाव विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘जेवणाऱ्यांतले आजवर कुणी विचारले नव्हते.’ त्यांनी सांगितलेले नाव माझ्या वहीत आहे. ते त्यांचे आहे, म्हणून इथे देत नाही.

काशीहून परतल्यावर आपल्याकडे मावंदे करतात. गंगेच्या पाण्याची पूजा होते आणि मग आप्तेष्टांना जेवण. यात्रा काशीत संपत नाही. आपल्या घरी दुसऱ्यांची पाने मांडली, की संपते. मीही घरी दहा माणसे बोलावली. पुरण घातले. काशीच्या आत्याचे नाव शोधायचा पुन्हा प्रयत्न केला, वंशावळीत तिच्या जागी नुसती रेघ आहे. त्या दिवशी तिच्या नावाचे, म्हणजे नावाच्या जागेचे, एक पान मांडले आणि शेवटी ते आमच्याकडे स्वयंपाकाला मदत करणाऱ्या मावशींनी घेतले. पंगतीत, आमच्याबरोबर.

अनुवादाचा प्रश्न त्यानंतर सुटला. चौथ्या दृश्यातले मराठी मी होते तसेच ठेवले. लेखनातले दीडशे वर्षांपूर्वीचे खडबडीत वळणही सुधारले नाही. शेजाऱ्याच्या कानाने ऐकलेली ती आपलीच भाषा आहे. तिच्यातल्या भुकेसकट ती घ्यायला हवी.